बरोबर केलेला काटा

रविवारी सकाळी बायको पाळीच्या ड्यूटीवर गेली, मुलगी अंघोळीला गेली आणि स्वयंपाकघरात निरीक्षक आणि वजनकाटा असे दोघेच उरले. निरीक्षक सहा वर्षं या संधीची वाट पाहत होते. काटा नेहमीसारखा ओट्याच्या कोपऱ्यात होता. त्याच्या ताटलीत काहीही नव्हतं, तरी सुई शून्य सोडून बरीच पुढे जाऊन निवांत बसली होती.

निरीक्षक म्हणजे वजनमापांचे निरीक्षक. दुकानोदुकानी फिरायचं, लोकांचे काटे तपासायचे, बरोबर असतील त्यांना शिक्का मारायचा आणि नसतील त्यांना नोटीस द्यायची, हे त्यांचं अठ्ठावीस वर्षांचं काम. या कामात पाय दुखतात आणि माणसं तोंडदेखलं हसतात, एवढंच त्यातून हाती लागलं होतं. रोज कुणीतरी त्यांना सांगायचं की साहेब, थोडंसंच तर आहे. रोज ते त्याला समजावायचे की थोडंसं असं काही नसतं. आणि संध्याकाळी घरी येऊन पाहावं, तर स्वतःच्याच ओट्यावर हा महाभाग. एकदा त्यांनी बायकोपाशी विषय काढलाही होता. तिने वर न बघता सांगितलं होतं की काट्याचं आणि तिचं छान जमतं, तुम्ही तुमचं बघा.

पण आता गोष्ट वेगळी होती. बायको एकोणीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीत बसत होती. माणसं चिडून यायची, ती लिहून घ्यायची, माणसं चिडूनच परत जायची. संध्याकाळी घरी आल्यावर ती केक करायची, कारण केक काही बोलत नाही. सहा वर्षांत तिचे केक ओळखीपाळखीत नावाजले गेले, आणि गेल्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या नव्या कॉफीच्या दुकानाच्या मालकीणबाईंचा निरोप आला: पुढच्या गुरुवारी अकरा वाजता एक केक घेऊन या, आवडला तर रोजचे सहा घेईन. रोजचे सहा म्हणजे बायकोला खिडकी सोडता येणार होती. हे ती एकदाच बोलली होती, भांडी पुसता पुसता, कुणाकडे न बघता. त्या दिवसापासून घरातली माणसं जरा जपून चालत होती.

या सगळ्यात आपलाही हातभार लागावा असं निरीक्षकांना मनापासून वाटत होतं. त्यांना साधं पीठ चाळता येत नव्हतं. पण काटा बरोबर करता येत होता. त्यांनी तो उलटा केला, चार स्क्रू काढले आणि आत सहा वर्षांचा मैदा बघून त्यांचा जीव कळवळला. स्प्रिंग ताणून लोंबली होती. ती त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि मापाची नवी बसवली, जी त्यांनी बऱ्याच दिवसांपासून कपाटात मोज्यांच्या खाली आणून ठेवली होती. दाते पुसले, तेलाचा थेंब सोडला, सुई सरळ केली. मग आपल्या पेटीतली पितळी वजनं काढून पन्नास ग्रॅमपासून दोन किलोपर्यंत सात ठिकाणी काटा तपासला. सातही ठिकाणी सुई रेघेवर. निरीक्षकांना इतकं समाधान गेल्या कित्येक महिन्यांत लाभलं नव्हतं. गुरुवारी केक पसंत पडला की मग सांगायचं, असं त्यांनी ठरवलं.

संध्याकाळी बायको आली, चहा घेतला आणि सरावाचा केक करायला उभी राहिली. काटा चकचकीत दिसला तेव्हा म्हणाली, "घासलात वाटतं? बरं केलंत." निरीक्षक नुसते हसले. पाऊण तासाने ओव्हनमधून जे बाहेर आलं त्याला केक म्हणायला जीभ रेटेना. वरून तडकलेला, आतून कोरडा, आणि सुरी घातली तर सुरी उभीच राहिली. मुलीने एक तुकडा खाल्ला, पाणी प्याली आणि अजून पाणी प्याली.

बायकोला वाटलं, अंडी लहान निघाली. सोमवारी ती कचेरीतून परतताना नेहमीच्या अंडीवाल्याकडे गेली आणि एकोणीस वर्षं खिडकीच्या आतून ऐकलेलं सगळं तिने त्याला खिडकीच्या बाहेरून ऐकवलं. मग दुसऱ्या दुकानातून मोठी अंडी आणली. त्या दिवशीचा केक आदल्या दिवशीपेक्षा एवढाच बरा झाला की सुरी उभी न राहता किंचित कलली. मग तिने मैदा बदलला. मग तिची नजर ओव्हनवर गेली.

इथे निरीक्षक उत्साहाने पुढे सरसावले. ओव्हन दुरुस्त करणारा मेकॅनिक त्यांच्या ओळखीचा होता. मंगळवारी बायकोने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मेकॅनिक दुपारी आला. त्याने ओव्हनमध्ये तापमापक ठेवला, थोडा वेळ थांबला आणि सांगितलं की ओव्हन खोटं बोलतोय, असतं त्यापेक्षा वीस अंश जास्त दाखवतोय. सहा वर्षं खोटं बोलतोय हे ऐकून निरीक्षक हळहळले. त्यांनी स्वतःच त्याला सांगितलं की आत्ताच्या आत्ता बरोबर करून टाक. मेकॅनिकने बटणाची खूण सरकवली आणि गेला. मग नव्या मैद्याचा तिसरा केक झाला. तो बाहेरून काळा झाला आणि आतून मात्र होता तसाच कोरडा राहिला.

बायको स्टुलावर बसली. काळ्या केकाकडे बघत राहिली आणि मग उठून दुसऱ्या दिवशीच्या ड्यूटीसाठी साडीला इस्त्री करायला लागली. मुलगी दारात उभी होती. ती आतापर्यंत तिन्ही केक खाऊन विचार करत होती.

"बाबा," ती म्हणाली, "काट्याला काय केलंत?"

निरीक्षकांनी सगळं सांगितलं. स्प्रिंगचं सांगितलं, मोज्यांचं सांगितलं, सात ठिकाणी सुई रेघेवर आली हेही सांगितलं, पण आता त्यात मजा राहिली नव्हती. बायकोने इस्त्री उभी करून ठेवली. तिच्या वहीत सहा वर्षांचे केक लिहिलेले होते आणि त्यातलं प्रत्येक वजन त्या जुन्या काट्याचं होतं. तिथला तीनशे ग्रॅम मैदा म्हणजे खरा तीनशे नव्हताच. काटा जास्त दाखवत होता, त्यामुळे मैदा कमी पडत होता, आणि अंडी तर मोजून चार. त्या कमी मैद्याचाच केक सगळ्यांना आवडत होता. आता काटा बरोबर झाला आणि वही खोटी पडली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "आधी किती चुकत होता?"

"कधी?"

"तुम्ही हात लावायच्या आधी. तेवढं वजा करून घेते, झालं."

निरीक्षकांच्या खात्यात पहिला नियम असा की काट्याला हात लावण्याआधी तो जसा आहे तसा तपासायचा आणि किती चुकतो ते लिहून ठेवायचं. दुरुस्ती मागाहून. या नियमावर ते स्वतः दरवर्षी नव्या लोकांचे वर्ग घ्यायचे. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचे आणि खाली दोन रेघा मारायचे. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी हा नियम एकदाही मोडला नव्हता. तो मोडला रविवारी सकाळी, आपल्याच ओट्यावर.

"लिहून नाही ठेवलं," ते म्हणाले.

"दुकानदारांचं लिहिता ना?"

"त्यांचं लिहितो. हे घरचं म्हणून..."

ती चिडली असती तर निरीक्षकांना बरं वाटलं असतं. ती चिडली नाही, नुसती दमली. दिवसभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकणाऱ्या माणसाला स्वतःची तक्रार करायला त्राण उरत नाही, हे निरीक्षकांना इतक्या वर्षांत प्रथमच दिसलं आणि फार वाईट वाटलं. जुनी स्प्रिंग मिळाली तर सगळं परत बसवता येईल म्हणून ते डब्याकडे धावले. कचरा सोमवारीच गेला, असं मुलीने जागेवरूनच सांगितलं. ओव्हनचं तरी काय करायचं म्हणून मेकॅनिकला फोन लावला, तर तो शांतपणे म्हणाला की त्यात काय अवघड आहे, आधी किती होतं ते मी तुमच्या पावतीच्या मागे लिहून ठेवलंय, खूण वीस अंश मागे घ्या. निरीक्षकांनी पावती उलटी केली. तेलकट बोटांनी लिहिलेला आकडा होता, आणि खाली दोन रेघाही होत्या.

बुधवारी निरीक्षकांनी रजा घेतली. कचेरीतली पेन्सिलसुद्धा कधी घरी न आणलेल्या या माणसाने वरिष्ठांना अर्ज करून, नोंदवहीत सही करून, खात्याचा बारीक काटा एका दिवसासाठी घरी आणला. सकाळभर त्यांनी आकडे मांडले आणि एक योजना काढली. सहा वर्षं मैदा ओतून ओतून बायकोच्या हाताला अंदाज बसलेला असणार. तो अंदाज मोजला की जुन्या काट्याची चूक सापडेल. बायको चार वाजता दमून घरात शिरली, तेव्हा जेवणाच्या टेबलावर बारा वाडगे ओळीने मांडलेले होते.

तिने चप्पल काढली, वाडग्यांकडे पाहिलं आणि काही न विचारता हात धुऊन आली. प्रत्येक वाडग्यात तिने काट्याकडे न बघता आपला नेहमीचा तीनशे ओतला. निरीक्षक मोजत गेले, मुलगी लिहीत गेली. सगळ्यात कमी दोनशे एक्केचाळीस आला, सगळ्यात जास्त दोनशे अठ्ठ्याऐंशी. सरासरी दोनशे चौसष्ट. निरीक्षकांनी आलेखाचा कागद पुढे ओढला आणि त्यावर बारा ठिपके मांडले. मग त्यांनी आपलं मत सांगितलं. बारा नोंदींवर विसंबता येणार नाही, निदान तीस तरी हव्यात. शिवाय ताणलेली स्प्रिंग सगळीकडे सारखी चुकत नाही, म्हणजे साखरेचे तीस वेगळे आणि लोण्याचे तीस वेगळे. सगळं धरून रविवारपर्यंत पक्का तक्ता तयार होईल.

"गुरुवार उद्या आहे," बायको म्हणाली.

"चार दिवस मागून घे ना. एवढं महत्त्वाचं काम आहे, अर्धवट करून कसं चालेल?"

"त्या बाई चार दिवस थांबायच्या नाहीत. त्यांना केक देणारे ढीगभर आहेत."

"पण अचूक आकडा हाती आल्याशिवाय..."

"अहो," ती म्हणाली, "मला आकडा नकोय. मला एक केक हवाय."

तिने आलेखाचा कागद उचलून फ्रिजवर ठेवला आणि मुलीला अंडी फोडायला सांगितलं. निरीक्षकांनी पावतीवरचा आकडा बघून ओव्हनची खूण मागे सरकवली. बायकोने साखर आणि लोणी हाताला येईल तेवढं घेऊन फेटलं, अंडी घातली आणि मग सरासरी-बिरासरी सगळी बाजूला ठेवून चमच्याने मैदा घालत राहिली. मधूनच चमचा वर उचलून मिश्रण खाली कसं पडतं ते बघायची, पुन्हा घालायची. एका ठिकाणी थांबली. निरीक्षक वही घेऊन पाठीशी उभे होते. त्यांनी विचारलं, किती घातलास? ती म्हणाली, पुरेसा. निरीक्षकांनी वहीत मैद्यापुढे पुरेसा असं लिहिलं आणि त्याच्यापुढे कुठलं एकक लिहावं याचा विचार करत राहिले.

पाऊण तासाने केक बाहेर आला. फुगला होता, मऊ होता, वास तर पार जिन्यापर्यंत गेला असावा. मुलीने कडेचा कण काढून तोंडात टाकला आणि या वेळी पाणी मागितलं नाही. फक्त एका बाजूने केक बोटभर खाली बसला होता. निरीक्षकांनी खिशातून पट्टी काढली, पण मुलीने ती त्यांच्या हातातून अलगद काढून घेतली.

"एक बाजू बसलीय," निरीक्षक म्हणाले.

"दिसतंय मला. तुकडे करून नेईन."

"अजून वेळ आहे. चमचाभर मैदा वाढवून दुसरा टाकलास तर सुधारेल."

"सुधारेल किंवा बिघडेल. आता याला कोणी हात लावायचा नाही." आणि ती जेवायच्या आधी अर्धा तास आडवी झाली, जे तिने रविवारपासून केलं नव्हतं.

गुरुवारी दोघांनीही रजा टाकली आणि डबा धरायला निरीक्षक बरोबर गेले. दुकानात काहीही बोलायचं नाही, या अटीवर त्यांना नेलं होतं. मालकीणबाई काउंटरमागे एका हाताने कप पुसत होत्या आणि दुसऱ्या हाताने फोनवर कुणाला तरी दुधाचं सांगत होत्या. त्यांनी फोन ठेवला, डब्यातून एक तुकडा उचलला आणि उभ्यानेच खाल्ला. मग दुसरा उचलला. बायकोने पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरला होता. निरीक्षकांना तिची बोटं दिसत होती, पांढरी पडलेली, आणि त्या बोटांपुढे त्यांना खात्याचे सगळे नियम क्षुल्लक वाटले.

"अख्खा का नाही आणला?" मालकीणबाईंनी विचारलं.

बायको गप्प राहिली. खोटं बोलणं तिला जमत नव्हतं आणि खरं सांगावंसं वाटत नव्हतं. अशा शांततेत निरीक्षकांचं आजवर कधीच निभावलं नव्हतं.

"एका बाजूने बसलाय," ते म्हणाले. "साधारण अकरा मिलिमीटर."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत खिडकीपुढे आलेल्या एकाही माणसाकडे तिने असं पाहिलं नसेल.

"बसू दे की," मालकीणबाई म्हणाल्या. "मी तुकडेच विकते. अख्खा केक गिऱ्हाइकाला दाखवतंय कोण?" त्यांनी बोटं पुसली. "सोमवारपासून सहा. एखाद्या दिवशी थोडा इकडेतिकडे झाला तरी मला चालेल, पण साडेनऊला म्हणजे साडेनऊला इथे हवेत. तुमचं आधीचं काम सुटलंय ना?"

सुटतंय, असं बायको म्हणाली. वाटेत निरीक्षक मोकळा डबा छातीशी धरून तिच्या मागून चालत होते.

शुक्रवारी सकाळी सगळं आवरून ती टेबलाशी बसली. समोर कोरा कागद होता आणि पेन होतं. निरीक्षक पुढच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते, म्हणजे एकच बातमी पंधरा मिनिटं वाचत होते. शेवटी ते उठून आत आले. कागद कोराच होता. टेबलाचा खण मात्र उघडा होता आणि त्यातून कागदांचा एक गठ्ठा बाहेर आला होता. एकेक कागद तिच्या सुबक अक्षरातला. सगळ्यांवर महोदय, सगळ्यांवर विषय: राजीनामा, आणि कुठला अर्ध्यावर सोडलेला, कुठला शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन खोडलेला.

"हे कधी लिहिलंस?" निरीक्षकांनी विचारलं.

"सहा वर्षं लिहितेय. दर वेळी वाटतं, अजून नीट जमलं नाही. जमलं की देईन म्हटलं." ती थकल्यासारखी हसली. "पंचवीस-तीस झाले असतील. तुमच्या हिशोबाने पुरेशा नोंदी आहेत."

निरीक्षकांनी गठ्ठा चाळला. पत्रं चांगली होती. एकात तिने खिडकीपुढे रोज येणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांबद्दल लिहिलं होतं, एकात आपल्या दुखऱ्या मानेबद्दल, एकात आभारच आभार होते. ते म्हणाले की आण इकडे, यातलं उत्तम ते निवडून मी तुला नीट मसुदा करून देतो, आजचा दिवस दे मला. बायकोने मान वर करून त्यांच्याकडे नुसतं बघितलं. निरीक्षकांनी गठ्ठा खाली ठेवला.

"नाही," ते म्हणाले. "एका ओळीत लिही. आत्ताच्या आत्ता."

तिने लिहिलं. सोमवारपासून मी कामावर येणार नाही, कळावे. सही केली आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. निरीक्षकांनी वाचला. तारीख नव्हती. विषय नव्हता, महोदयही नव्हते. समास सोडलेला नव्हता आणि ओळ उजवीकडे चढत गेली होती. त्यांचा हात खिशातल्या पेनापर्यंत गेला आणि तिथे थोडा वेळ थांबला.

"चालेल," निरीक्षक म्हणाले. हा शब्द त्यांनी याआधी कधी तोंडातून काढला असेल तर त्यांना आठवत नव्हतं. मग घाईघाईने म्हणाले, "पाकीट शोधू नकोस. तशीच घडी घाल आणि नीघ. बस येईल."

ती गेली. निरीक्षक दिवसभर दुकानं फिरत होते, पण लक्ष नव्हतं. बिनतारखेचं पत्र खात्यात घेत नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते परत करतील, ती पुन्हा लिहायला बसेल, आणि मग आणखी सहा वर्षं. तिसऱ्या प्रहरी ते एका दुकानात काटा तपासायला उभे राहिले आणि वजनं ठेवायचीच विसरले.

संध्याकाळी बायको आली. तिने पर्स खुंटीला अडकवली, पाणी प्याली आणि स्टुलावर बसली. निरीक्षकांनी विचारलं, काय झालं?

"काही नाही. साहेबांनी वाचलं. तारीख नाहीये म्हणाले."

"मी म्हणत होतोच..."

"मग त्यांनीच घातली," ती म्हणाली. "उभ्या उभ्या, माझ्याच पेनाने."